लिनबाईची सुई आणि आमच्या नलूताई

नलूताई माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. आधी कोपराच्या आतल्या बाजूला बघत. तिथली शीर पसंत पडली की मग सावकाश वर तोंडापर्यंत येत, तेही नाव-गाव विचारायला. हसायला वगैरे नाही.

माझी-त्यांची पहिली भेट अमेरिकेत, सनीव्हेलला, आमच्या अपार्टमेंटच्या लाँड्री रूममध्ये झाली. मी ड्रायरमधून चादरी काढत होते. मागून आवाज आला, "मराठी का?" मी "हो" म्हणून वळते तोवर माझा हात त्यांच्या हातात. स्वेटरची बाही वर सारली, दोन बोटांनी टकटक केलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला सलाइन लावायचं तर तीनदा टोचावं लागेल. शीर पळते तुमची."

आता सांगा, ही काय ओळख करून घ्यायची रीत झाली? मला रागच आला. म्हटलं, "मला कुणी सलाइन लावत नाहीये."

"लागेल ना कधीतरी," म्हणाल्या आणि माझ्या चादरीची घडी मोडून परत घातली. कोपरे जुळले नव्हते म्हणे.

नलूताई म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या अविनाशची आई. नवरा लवकर गेलेला. एकतीस वर्षं त्यांनी जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून काढली. रिटायर झाल्या आणि वर्षाच्या आत सुनेच्या बाळंतपणासाठी इकडे आल्या. 'आल्या' असं आपलं म्हणायचं. खरं तर आम्हाला आणवतात. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमाराला आमच्याकडे हे फारच वाढलं होतं. पोरं कॉम्प्युटरच्या चिपा करणाऱ्या कंपन्यांत नोकरीला, सुनाही नोकरीला, मूल झालं की विमानानं एक आजी मागवायची. आजीनं मेतकूट आणायचं, बाळाला न्हाऊ घालायचं, सहा महिने चार भिंतींत बसायचं, आणि बाळ तिला ओळखायला लागलं की व्हिसा संपतो म्हणून परत जायचं. मग दुसऱ्या बाजूची आजी. हे सगळं लोक इतक्या सहज बोलतात की मला संताप येतो. सामान परत पाठवतानासुद्धा माणूस एकदा विचार करतो.

मी राहिले, कारण आमचे हे गेल्यावर मुलानं माझी कागदपत्रं केली. म्हणून या पाहुण्या आज्यांची मी न नेमलेली पुढारी. इंग्रजी बोलायला मलाच पुढे करायचे. माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढचं इंग्रजी मी दुपारच्या टीव्हीवरच्या मालिका बघून शिकले. त्यामुळे 'तू मला फसवलंस' आणि 'हे मूल तुझं नाही' ही वाक्यं मला अस्खलित येत, पोस्टात तिकिटं मागताना मात्र घाम फुटे.

तर नलूताई. साडीवर डाव्या खांद्याशी उलटं घड्याळ टाचलेलं. कुठल्याही कामाआधी कोपरापर्यंत हात धुवायच्या आणि मग ते हात वर धरून, कोपरानं दार ढकलत फिरायच्या. माझ्याकडे चहाला आल्या तरी तशाच. एखाद्याला वाटावं, चहा नाही, ऑपरेशनच आहे. फ्रिजवर त्यांनी नातीचा चार्ट लावला होता. किती वाजता दूध, किती औंस, शी कुठल्या रंगाची, आणि शेवटच्या रकान्यात सही. अविनाशनं एकदा रविवारी बाटली दिली आणि सही केली नाही, तर या बाईनं ते दूध धरलंच नाही. पोर पुन्हा पाजायला घेतली. "सही नाही म्हणजे दिलं नाही. माझ्या वॉर्डात असं चालत नव्हतं."

'माझ्या वॉर्डात' हे त्यांचं पालुपद. माझ्या वॉर्डात बाळाला वेगळ्या खोलीत एकटं झोपवत नव्हते. माझ्या वॉर्डात कागदाचे लंगोट नव्हते. आमच्या आवारातलं गवत कापायला येणारा एक दांडगा मेक्सिकन माणूस होता, त्याला त्यांनी मशीन बंद करायला लावलं आणि त्याच्या हाताकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "शीर बघा. डोळे मिटून लागेल. माझ्या वॉर्डात असा एक पेशंट आला नाही हो." तो बिचारा माझ्याकडे बघतोय. मी काय भाषांतर करणार, कपाळ? म्हटलं, "शी लाइक युवर वर्क."

एवढं सगळं होतं, पण एक गोष्ट त्यांना साधत नव्हती. नात त्यांच्याकडे राहत नव्हती.

नेहा चार महिन्यांची. आधीच पोटानं कुरकुरी, दूध टाकायची, पाय पोटाशी घेऊन रडायची. डॉक्टर म्हणाले, कॉलिक आहे, वाढेल तशी थांबेल. पण इतरांकडे अर्धा तास रडली तर नलूताईंकडे ताठ होऊन, निळी पडून रडायची. त्यांनी घेतली की सुरू. संध्यानं, म्हणजे सुनेनं, घेतली की हुंदके देत गप्प. मी घेतली तरी गप्प. हे त्यांच्यासमोर झालं की मला अगदी नको व्हायचं. त्या घड्याळात बघायच्या आणि म्हणायच्या, "सव्वा अकरा. भूक असेल." भूक नसायची.

एक दिवस लाँड्री रूममध्ये संध्यानं मला गाठलं. डोळ्यांखाली काळं. "काकू, माझी रजा तीन आठवड्यांत संपतेय. आईंकडे ही राहतच नाही. आम्ही बेबीसिटर बघतोय."

"आणि आई?"

"अवि म्हणतो तिकीट प्रीपोन करू. त्यांनाही इथे बोअरच होतंय."

"त्यांना विचारलंस?"

"कसं विचारणार, काकू?" आणि ती कपड्यांच्या बास्केटवर बसून रडायलाच लागली. पोर दमली होती, तिचं खोटं नव्हतं. पण आमच्या वयाच्या बाईला बोअर होतंय हे परस्पर ठरवून टाकायचं, याचा राग काही माझ्या पोटातून जाईना.

पुढच्या आठवड्यात सकाळी साडेदहाला माझ्या दारावर कोपरानं धक्का. बाहेर नलूताई, पुढे स्ट्रोलर, स्ट्रोलरमध्ये नेहा, टाहो फोडलेला.

"जोशीबाई, चपला घाला. पंचनामा करायचा आहे."

त्यांनी पोरीची मूठ उघडून माझ्यापुढे धरली. अंगठा सोडून चारही बोटांच्या मधल्या पेरांवर, आतल्या बाजूनं, खसखशीएवढे चार ठिपके.

मी म्हटलं, "डास असेल."

"डास मोजून चावतो का? चार बोटं, चार पेरं, एका रेषेत. हे शिकलेल्या हाताचं काम आहे." त्यांनी मूठ पुन्हा मिटवली. "कुणीतरी माझ्या पेशंटला माझ्या नकळत टोचलंय."

सुनेला उभं करून विचारलं होतं आणि तिनं कबूलही केलं होतं. ऑफिसातल्या एका चिनी मैत्रिणीनं सांगितलं, आमच्याकडे पचन न होणाऱ्या बाळांना असं टोचतात. मग ही दोनदा फिरायला नेते म्हणून नेहाला त्या बाईकडे घेऊन गेली. सासूला कळू दिलं नाही. आता आतल्या खोलीत दार लावून रडत होती.

आधी मी संध्यावर चिडले. चार महिन्यांच्या जिवाला सुया टोचायच्या म्हणजे काय? आणि ज्या बाईनं एकतीस वर्षं पोरांना सुया दिल्या तिला घरात ठेवून, तिच्यापासून लपवून? मग मी नलूताईंवर चिडले, की एवढं आकांडतांडव करायला ती सून आहे, प्रोबेशनर नर्स नव्हे. मग मला मधे घातल्याबद्दल मी दोघींवर चिडले आणि चपला घातल्या.

"इथला सिव्हिल सर्जन कुठे बसतो?" नलूताईंनी वाटेत विचारलं.

"इथे सिव्हिल सर्जन नसतो."

"मग तक्रार कुणाकडे करतात?"

"वकिलाकडे."

त्यांनी स्ट्रोलरचा वेग वाढवला. "आधी स्थळपाहणी करू," म्हणाल्या.

ती बाई दोन गल्ल्या सोडून, पुढे जर्दाळूचं झाड असलेल्या छोट्या घरात राहायची. पुढच्या खोलीत ॲक्युपंक्चरचा, म्हणजे सुया टोचून बरं करायचा, दवाखाना. लिन तिचं आडनाव, मी आपलं लिनबाई म्हणायची. आमच्याच वयाची, चणीनं माझ्या निम्मी, अंगात पुरुषाचा ढगळ स्वेटर. तिचं इंग्रजी माझ्याहूनही बेताचं, त्यामुळे आमचं दोघींचं छान जमलं.

नलूताईंनी नमस्कार केला नाही. टेबलावरून बोट फिरवलं, बोट बघितलं. धूळ नव्हती. कोपऱ्यात लहानसा ऑटोक्लेव्ह होता, सुया वाफेवर उकळायचा. त्याचं झाकण उघडून आत बघितलं, झाकण लावलं. शेजारी वही होती, तीही वाचली. चिनी अक्षरं कळेनात, पण आकडे कळले.

"जोशीबाई," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, मीच गुन्हा केल्यासारख्या, "हिच्याकडे ऑटोक्लेव्ह आहे. वेळ लिहिलीय. तारीख आहे."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं काय त्यात? असल्या कामाला एवढी स्वच्छता हवी कशाला? विचारा तिला, कुठल्या डॉक्टरच्या ऑर्डरनं टोचलं?"

त्या तीन मिनिटं बोलल्या. त्यात सरकार आलं, भूल आली, धनुर्वात आला, माझा वॉर्ड चारदा आला. मी लिनबाईला म्हटलं, "शी व्हेरी अँग्री."

लिनबाई म्हणाली, "येस. आय सी."

मग तिनं भिंतीवरचं सर्टिफिकेट दाखवलं. कॅलिफोर्निया राज्याचा शिक्का, खाली सही. नलूताईंनी चष्मा लावून सही वाचली आणि आणखी संतापल्या. सही असली की त्यांना पुढे काही बोलता येत नसे.

"विचारा, सुई किती वेळ ठेवते?"

"बेबी, नो लीव्ह," लिनबाईनं हवेत चिमूट नेली आणि आणली. "इन, आउट." मोठ्या माणसाला ठेवतात, तान्ह्याला टोचलं की काढायचं. मग पेर दाबायचं, पिवळसर पाण्याचा थेंब येतो.

"पाणी? कसलं पाणी? लॅबला पाठवलं का?"

हे मी विचारलंच नाही. माझाही काही मान आहे.

तेवढ्यात एक चिनी बाई दहा महिन्यांचं बाळ घेऊन आत आली. लिनबाईनं आम्हाला जा म्हटलं नाही, बसा म्हणून स्टूल दाखवलं. नलूताई बसल्या नाहीत. खांद्यावरचं घड्याळ हातात धरून अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता ही बाई सुई हिसकावून घेते.

लिनबाई बाळासमोर बसली नाही, बाजूला बसली. बाळ आईच्या मांडीवर, तोंड आईकडे. लिनबाईनं त्याला धरलंच नाही. आपला अंगठा पुढे केला, बाळानं तो धरला. ती त्याच्याशी काहीबाही बोलत राहिली, एकसुरी, भाजी निवडताना बोलावं तसं. दुसऱ्या हातात सुई कधी आली ते मला दिसलं नाही. केसाएवढी. चार बोटांवर चार टिचक्या मारल्यासारखं केलं, पेरं दाबली, कापूस फिरवला. बाळानं स्वतःच्या बोटांकडे बघितलं. ओठ काढले. आता रडतं म्हणेपर्यंत त्याला आईच्या गळ्यातली साखळी दिसली आणि ते विसरलं.

नलूताईंच्या हातात घड्याळ तसंच. मी हळूच म्हटलं, "बघितलंत ना? निघू या आता."

"रडलं नाही ते," त्या म्हणाल्या.

"हो, नाही रडलं."

"असं होत नाही." आता आवाज चढला. "सुई टोचल्यावर मूल रडतं. रडलंच पाहिजे. जोशीबाई, मी हजारांनी टोचलीत. एक रडलं नाही असं झालेलं नाही. ही काहीतरी फसवणूक आहे."

आणि इतका वेळ हुंदके देत पडलेल्या नेहानं स्ट्रोलरमध्ये पुन्हा सूर लावला. नलूताई झटकन वळल्या, तिला उचलून स्टुलावर बसल्या. नेहा ताठ झाली, निळी पडायला लागली. नेहमीचंच. लिनबाई कापूस टाकून येता येता थांबली. नलूताईंकडे बघत राहिली. मग मला तिनं काहीतरी विचारलं. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. तिनं पुन्हा विचारलं.

"काय म्हणतेय?" नलूताई म्हणाल्या.

"ती विचारतेय," मी म्हटलं, "की तुम्ही हिला कुठे टोचणार आहात?"

"मी? मी कशाला टोचू?"

लिनबाईनं बोट दाखवलं. मग मीही बघितलं, आणि मला माझीच लाज वाटली. चार महिने मी हे रोज बघत होते आणि मला दिसलं नव्हतं. नेहाचा एक हात नलूताईंच्या काखेत दाबलेला, दुसरा मनगटाशी पकडलेला. दोन्ही पाय त्यांच्या गुडघ्यांच्या कात्रीत. डोकं कोपरात असं पक्कं की मान वळू नये. मांडी मात्र मोकळी, वर आलेली, इंजेक्शनला तयार.

नलूताईंनी खाली बघितलं. स्वतःच्या हातांकडे, पायांकडे, एकेक करून. चार्ट तपासावा तसं.

"असंच धरतात," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे काचेच्या सिरिंजा होत्या. सुया त्याच त्याच उकळून. टोक गेलं की आम्ही दगडावर घासून धार काढायचो. तरी बोथटच. सकाळच्या राउंडला चाळीस-पन्नास पोरं, मी एकटी. पोर हललं की सुई वाकायची, पुन्हा टोचावं लागायचं. दुसऱ्यांदा टोचायला लागू नये म्हणून घट्ट धरायची मी. माझ्या वॉर्डात कुणालाही दोनदा टोचलेलं नाही, जोशीबाई. एकालाही नाही."

नेहा रडत होती. नलूताई तिच्यावरून बोलत होत्या.

"मी वॉर्डात शिरले की पोरं खाटेखाली जायची. बाकीच्या सिस्टरांच्या पदराला धरून हिंडायची, माझ्या नाही. अविनाशसुद्धा मी ड्यूटीवरून आले की आजीमागे लपायचा. अंगाला स्पिरिटचा वास येतो म्हणून, असं मी समजत होते. तोही हातातून सुटायलाच बघायचा." त्यांनी नाक पुसलं नाही, हात मोकळे नव्हते. "परवा तो ट्रॅव्हल एजंटशी फोनवर बोलत होता. एकवीस तारखेचं बघा म्हणत होता. मी ऐकलं. त्याची चूक नाही. मूल जिच्याकडे राहत नाही तिला ठेवून काय करायचं?"

इतका वेळ मी ज्यांच्या ज्यांच्यावर चिडले होते ते सगळे राग एकदम गोळा झाले, आणि कुणावर काढावे ते समजेना.

"तिला सांगा," नलूताई म्हणाल्या, "मला दुसरं धरता येत नाही. विचारा, कसं धरायचं."

मी विचारलं. लिनबाई जमिनीवर बसली, त्यांच्या गुडघ्यावर दोन बोटांनी हलकेच थापटलं. गुडघे सैल झाले. मग कोपरावर, मग काखेवर. पोरीचा हात सुटला. तिनं तो नलूताईंच्या तोंडावर मारला, चष्मा वाकडा केला. नलूताई हलल्या नाहीत. लिनबाईनं त्यांचा पंजा उचलून नेहाच्या पाठीवर ठेवला. दाबायला लागल्या की ती वर उचलायची, पुन्हा ठेवायची. असं किती वेळा केलं असेल. त्या सुयांनी नेहाचं पोट बरं झालं की नाही मला ठाऊक नाही. तशी पोरं चौथ्या-पाचव्या महिन्यात आपोआप थांबतात असं डॉक्टर म्हणालेच होते. पण त्या दिवशी त्या स्टुलावर ती लगेच थांबली नाही. चांगली दहा मिनिटं रडली, मग कुरकुरली, मग नलूताईंच्या पदरात तोंड खुपसून झोपली.

नलूताई श्वास रोखून बसल्या होत्या. "जोशीबाई," ओठ न हलवता म्हणाल्या, "टोचणं मला मंजूर नाही, हे सांगितलंत ना तिला?"

"सांगितलं."

"परत सांगा. हळू आवाजात."

मी सांगितलं. लिनबाई म्हणाली, "ओके, ओके," आणि चहा ठेवायला आत गेली.

पाऊण तासानं बाहेर संध्याची गाडी थांबली. आम्हाला शोधत आली होती. डोळे सुजलेले, भांडायच्या तयारीनं आत शिरली आणि दारातच थबकली. माझ्याकडे बघितलं. मी बोटांनीच दाखवलं, केव्हाची झोपली आहे ते. ती चपला काढून, सासूच्या स्टुलाशी जमिनीवर येऊन बसली.

"आई," ती कुजबुजली, "मी घरी जाऊन एजंटला फोन करते. तिकीट नको म्हणून सांगते."

नलूताईंनी नातीवरची नजर काढली नाही.

"उद्या कर," म्हणाल्या. "आत्ता कुणी हलायचं नाही."